साडेसात किलोंचा आवाज

लॉरी हॅलक्रो मनाने वाईट नव्हता. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे त्याला शिव्या घालताना जरा हात आखडता घ्याल. तीस वर्षं त्याने शाळेची बस चालवली, पण एकदाही कुणाचं पोर रस्त्यात राहिलं नाही. शेजाऱ्याची मेंढी अडली की बाह्या सरसावून हा पहिला हजर. फक्त एक खोड होती मेल्याला. दुसऱ्याचं कौतुक त्याला पचायचं नाही. शेजारच्याच्या बटाट्यांना कुणी चांगलं म्हटलं तरी ह्याचं तोंड कडू. त्याची बायको नेटा म्हणायची, "अरे, बटाटा आहे तो! बटाट्यावर कसला जळतोस?"

आणि त्यात हा गिटारवाला. आमच्या शेटलंडात, स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या ह्या बेटांवर, फिडल म्हणजे व्हायोलिन वाजवणाऱ्याचं नाव लोक नातवंडांना सांगतात. मागे गिटारवर कोण बसलं होतं, ते दुसऱ्या दिवशी आठवत नाही. लॉरी सव्वीस वर्षं ऑस्ला इसबिस्टरच्या मागे बसला. ऑस्ला म्हणजे आमच्या भागातली पहिल्या नंबरची फिडलवाली. उंच, हाडकुळी, बोलणं कमी आणि हात असा की बसलेला माणूस आपोआप पाय आपटायला लागतो. लग्न असो, हॉलमधला रविवारचा चहा असो, ऑस्ला पुढे आणि लॉरी तिच्या डाव्या खांद्यामागे. "लॉरी, पुढचं डी पट्टीत," एवढंच ती म्हणायची, आणि तेवढ्यावर हा गडी आठवडाभर खूश असायचा. त्या डाव्या खांद्यामागची खुर्ची म्हणजे त्याची इस्टेट होती.

मग गिबी यूनसन परत आला.

गिबी लॉरीच्याच वयाचा, एकाच वर्गात शिकलेला. जन्मभर मालवाहू जहाजांवर काढला आणि निवृत्त होऊन घरी आला. मोठा हसतमुख माणूस, सगळ्यांना हवाहवासा. लॉरीच्या दृष्टीने हाच त्याचा पहिला गुन्हा. जहाजावरच्या केबिनमध्ये तो गिटार वाजवायचा आणि त्यासाठी त्याने आवाज मोठा करणारा एक छोटासा अँप घेतला होता. बॅटरीवर चालणारा, बुटांच्या खोक्याएवढा, खांद्याला पट्ट्याने लटकवायचा. मार्चमधल्या एका रविवारी हॉलमध्ये चहा होता. बायकांनी केलेले केक, सँडविचं, मोठ्या किटल्या, सगळा नेहमीचा थाट. लॉरी चहा घ्यायला उठला तेवढ्यात ऑस्लाने गिबीला म्हटलं, "ये ना, बस दोन चालींना." गिबीने ते खोकं खुर्चीवर ठेवलं, वायर जोडली आणि वाजवायला लागला.

आता खरं सांगायचं तर गिबी काही लॉरीहून सरस नव्हता. पण ऐकू येत होता! पार दाराशी कोट घालणाऱ्या माणसालाही एकेक कॉर्ड स्वच्छ. चाल संपल्यावर ऑस्ला वळली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "देवा, आज पहिल्यांदा मला पाठीमागे गिटार ऐकू आली!"

लॉरीने चहा न घेताच बशी खाली ठेवली. सव्वीस वर्षं! सव्वीस वर्षं बोटांची सालटं काढली, आणि हिला आज पहिल्यांदा ऐकू आली म्हणे.

घरी येताना गाडीत नेटा म्हणाली, "ती सहज बोलली रे."

"सहजच तर खरं बोलतात माणसं," लॉरी म्हणाला आणि पुढचं वळण त्याने असं घेतलं की नेटाच्या मांडीवरचा उरलेला केक खाली पडला.

एप्रिलमध्ये ऑस्ला त्याच्या दारात आली. होल्मा बेटावरचा मॅन्सी नव्वद वर्षांचा होणार होता. मॅन्सीनेच ऑस्लाला लहानपणी फिडल शिकवलेली; तिच्या आयुष्यात देवाच्या खालोखाल कोण असेल तर तो. वाढदिवसाला बेटावरच्या हॉलमध्ये शनिवारी दुपारी चहा ठेवला होता, आणि ऑस्ला वाजवायला जाणार होती. बेटावर जनरेटर, तो सकाळ-संध्याकाळ चालतो, दुपारी बंद. विमान आठ माणसांचं, त्यात तिच्यासाठी आणि एका गिटारवाल्यासाठी अशा दोनच जागा.

"हॉल मोठा आहे, बोलणारी माणसं खूप," ऑस्ला दारातच उभी राहून म्हणाली. "आणि मॅन्सीला आता कमी ऐकू येतं. कानाला यंत्र आहे, तरी जरा मोठं लागतं. तेव्हा बॅटरीचा अँप असेल तर बरं, असं मी म्हणत होते. म्हणून गिबीला..."

"माझ्याकडे आहे की!" लॉरी म्हणाला.

"तुझ्याकडे? कधी घेतलास?"

"झाले चार दिवस."

आत स्वयंपाकघरात नेटाच्या हातातलं काम थांबलं. ऑस्लाने त्याच्याकडे नीट पाहिलं. "बरं," ती म्हणाली. "मग तूच चल." ती गेल्यावर नेटा बाहेर आली, दाराला टेकली आणि म्हणाली, "दाखव हं मलापण, कुठे ठेवलायस तो? पलंगाखाली?"

दुसऱ्या दिवशी सकाळची फेरी संपवून लॉरी बस घेऊन थेट लेरविक शहरात, अर्टीच्या दुकानात. अर्टी वाद्यं विकतो, दुरुस्त करतो आणि ग्राहकाला न मागता सल्ला देतो. त्याने बॅटरीवरचे दोन अँप टेबलावर ठेवले. एक छोटा, दोन किलोंचा. दुसरा दांडगा, साडेसात किलोंचा.

"प्रवासाला न्यायचाय ना? मग डोळे मिटून हा छोटा घे," अर्टी म्हणाला. "सहा तास चालतो. खुर्चीवर ठेव, तोंड जरा वर करून. जमिनीवर ठेवलास तर नुसता घुमतो. दगडी भिंतींचा हॉल असेल तर खर्जाचं बटण खाली आण. आणि आवाज अर्ध्याच्या वर नेऊ नकोस, गरजच नाही पडणार."

"आणि मोठा?"

"मोठा काय, मोठाच. लग्नाच्या तंबूत चांगला. पण उचलून फिरशील तर खांदा निखळेल."

लॉरीने दोन्हींवर वाजवून पाहिलं. छोट्याचा आवाज गोड होता, अगदी लाकडाचा. त्याला आवडलाही. मग त्याने विचारलं, "गिबीकडे कुठला आहे?"

"हाच, छोटा. त्याचाच पट्टा परवा मी बदलून दिला."

"मग तो मोठा दे."

अर्टीने मान हलवली, पण दुकानदारच तो, बांधून दिला.

आठवडाभर लॉरीने त्या धुडाशी संसार केला. रिकाम्या बसमध्ये मागच्या सीटवर ठेवून वाजवायचा, गोठ्यात वाजवायचा. पहिल्यांदाच त्याला स्वतःची गिटार खोलीभर भरलेली ऐकू आली, आणि खोटं कशाला बोला, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. हे सगळं इतकी वर्षं कुठे होतं? कुणालाच कसं कळलं नाही? त्याला वाटलं, एकदा होल्माच्या हॉलमध्ये हे वाजलं की ऑस्ला वळून बघेल. मग गिबी बसू दे आपल्या खोक्याला कवटाळून. मेंढ्या मात्र गोठ्याकडे फिरकेनाशा झाल्या. "त्यांना तरी कळतं," नेटा म्हणाली.

आता बेटाच्या विमानाची रीत अशी की तिथे माणसंसुद्धा वजनकाट्यावर उभी करतात. विमान एवढंसं, किलो-किलोचा हिशेब. दुसरी रीत कुठे लिहिलेली नाही, पण ती पाळतात सगळे. बेटावर जाणारा माणूस बेटाचं सामान नेतो. कुणाचं औषध, कुणाचं पीठ, कुणाच्या चष्म्याची काच. आदल्या दिवशी लोक तुमच्या दारात आणून ठेवतात, वर नाव लिहिलेलं असतं. वजन जास्त झालं तर आपली पिशवी मागे राहते, आपला कोट मागे राहतो, प्रसंगी आपण स्वतः मागे राहतो. बेटाचं खोकं राहत नाही. आठवडा-आठवडा धुकं धरलं की तिथे काय हाल होतात, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे.

लॉरीच्या दारात एकच खोकं आलं होतं. 'मॅन्सीसाठी', दोऱ्याने बांधलेलं, सहाएक किलोंचं. मॅन्सीची मुलगी मेमी बेटावर त्याच्याजवळ राहते, तिने कुणाकुणाला सांगून जमवलेलं सामान.

शनिवारी सकाळी लॉरीने न्याहारी केली नाही. जाड बूट काढून कापडी बूट घातले. "सासरी निघालायस का?" नेटा म्हणाली. "एवढा सडपातळ होऊन?"

धावपट्टीवरच्या पत्र्याच्या खोलीत इंगा काटा सांभाळत होती. ऑस्लाचं वजन झालं, ती फिडल घेऊन बाहेर वाऱ्यात उभी राहिली. मग लॉरी, गिटार, खोकं, अँप. इंगाने बेरीज केली, पुन्हा केली.

"पाच किलो जास्त होतायत, लॉरी. हे काय आहे, नांगर?"

"अँप आहे."

"मग अँप ठेव. मंगळवारच्या विमानाने पाठवते."

"मंगळवारी काय करू त्याचं? वाजवायचंय आज!"

"मग काय ठेवतोस?"

लॉरीने खिडकीतून बाहेर पाहिलं. ऑस्ला पाठमोरी उभी होती. तिच्या डाव्या खांद्यामागे कुणी नव्हतं. अँप राहिला, तर हॉलमध्ये आपली गिटार पुन्हा कुणाला ऐकू येणार नाही, आणि ऑस्ला पुढच्या वेळी दुसऱ्याच दारात जाईल, हे त्याला स्पष्ट दिसलं. त्याने खोक्यावर हात ठेवला.

"हे मंगळवारी गेलं तरी चालेल," तो म्हणाला.

इंगाने वर पाहिलं. "बेटाचं आहे ना ते? मॅन्सीचं?"

"हो. पण घाईचं नाही काही त्यात."

"नक्की?"

"अगं नक्की. मेमीनेच सांगितलंय मला."

मेमीशी तो महिन्याभरात बोललाही नव्हता. इंगाने खांदे उडवले आणि खोकं बाकाखाली सरकवलं. विमानात लॉरी अँप दोन पायांत धरून बसला. खाली समुद्र पांढरा झाला होता. ऑस्ला म्हणाली, "घामाघूम का झालायस?" तो म्हणाला, "गरम होतंय." एप्रिलमध्ये, शेटलंडात!

उतरल्या-उतरल्या मेमी समोर. साठीची, गोल चेहऱ्याची, धावत आलेली. ऑस्लाला मिठी मारली, लॉरीला मिठी मारली आणि लगेच हात पुढे केला. "खोकं?"

"ते... मंगळवारी येईल," लॉरी म्हणाला. "वजन जास्त झालं."

मेमीचा चेहराच पडला. "अरे देवा. त्यात बाबांच्या कानातल्या यंत्राचे सेल होते रे. बुधवारीच संपले. चार दिवस त्यांना काही म्हणजे काही ऐकू येत नाहीये. मी रोज पाटीवर लिहून दाखवतेय, शनिवारी सेल येतायत, शनिवारी ऑस्ला येतेय." तिने पदराने पुसावं तसं अ‍ॅप्रनने नाक पुसलं. "असू दे. तुझी काय चूक? विमानवाल्यांनी ठेवलं तर तू काय करणार?"

आता ह्या जागी तोंड उघडायचं होतं. लॉरीने उघडलं नाही. ऑस्लाने लॉरीच्या हातातल्या त्या धुडाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि फिडलची पेटी काखेत मारून चालू लागली. तिच्या मागून चालताना साडेसात किलो काय असतात ते लॉरीला कळलं.

हॉल भरला होता. बेटावरची सगळी चाळीसेक माणसं, टेबलावर केकची रांग, आणि मधोमध खुर्चीत मॅन्सी. धुतलेला शर्ट, नवा स्वेटर, डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे समोरच्या माणसाचा नुसता आकार दिसायचा. ऑस्लाने त्याचे दोन्ही हात धरले तेव्हा त्याने तिची बोटं चाचपली, टोकांवरचे घट्टे अंगठ्याने तपासले आणि मोठ्याने हसला. "ऑस्ला!" ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं, ओरडूनच.

लॉरीने अँप खुर्चीवर ठेवला, तोंड वर करून, खर्ज कमी करून. आवाज अर्ध्यावर ठेवायचा होता. त्याने पाऊण केला. आणि सांगतो तुम्हाला, काय वाजलं ते! खिडक्यांच्या काचा थरथरल्या. माणसं वळून बघायला लागली. दोघंतिघं चहाचा कप हातात घेऊन जवळ आले. "काय आवाज आहे राव!" कुणीतरी म्हणालं. "ऑस्ला, हा कुठे लपवून ठेवला होतास?" सव्वीस वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं ते सगळं त्या पंधरा मिनिटांत लोक म्हणाले. ऑस्लाला गज दाबून ओढावा लागत होता, तरी ती वळून बघत नव्हती.

आणि समोर मॅन्सी. तोंड भरून हसत होता बिचारा. टाळ्यांना सगळ्यांचे हात वर गेले की मग त्याचे जायचे, एक क्षण उशिरा. मधे एकदा, चाल ऐन भरात असताना, त्याने मेमीला विचारलं, "सुरू झालं का?"

सगळ्यांनी ऐकलं. कुणी हसलं नाही. मेमीने त्याच्या मांडीवर थोपटलं.

लॉरीचा हात तारांवरून निसटला. ऑस्ला थांबली. तो उठला, अँपचं बटण बंद केलं, वायर उपटली आणि मेमीसमोर जाऊन उभा राहिला.

"विमानवाल्यांनी नाही ठेवलं ते," तो म्हणाला. "मी ठेवलं. हा अँप आणायला. इंगाने विचारलं तर मी तुझं नाव घेऊन खोटं बोललो."

मेमी हळूच म्हणाली, "का रे?" गिबीकडे छोटा होता म्हणून, असं सांगायचं? मागे कुणीतरी पुटपुटलं, "बेटाचं खोकं!" आणि ते पुटपुटणं थोबाडीत मारल्यासारखं त्याला लागलं.

मॅन्सीला ह्यातलं काहीच कळलं नव्हतं. समोर एक आकार उभा आहे आणि त्याच्या हातात गिटार आहे, एवढं त्याला दिसलं. त्याने हात पुढे केला, गिटारचं लाकूड चाचपलं आणि तळवा तिच्या पोटावर सपाट ठेवला. "वाजव," तो ओरडला.

लॉरीने खुर्ची ओढली आणि गुडघ्याला गुडघा लावून बसला. कॉर्ड छेडली. म्हाताऱ्याचे डोळे मोठे झाले. तळव्याखाली लाकूड थरथरत होतं. लॉरीने दुसरी छेडली, तिसरी, आणि मग सरळ मॅन्सीने स्वतः बांधलेल्या जुन्या चालीच्या कॉर्ड धरल्या; ऑस्लाने ती सगळीकडे वाजवून वाजवून सगळ्यांची केली होती. चार मात्रा गेल्या असतील नसतील, मॅन्सीचा पाय जमिनीवर पडला. ठेक्यावर! ऑस्लाने फिडल उचलली आणि ती मागून सामील झाली. मॅन्सीच्या लेखी फिडल नव्हतीच. त्याला पोचत होती ती फक्त गिटार. आणि त्या गिटारवरून त्याने आपली चाल ओळखली होती आणि ओठांनी ती पुटपुटत होता, एकही जागा न चुकता. मेमी उघडउघड रडत होती.

चाल संपली. मॅन्सीने तळवा काढला नाही. "हात चांगला आहे," तो ऑस्लाच्या दिशेने ओरडला. "तू पत्रात लिहिलं होतंस तसाच. म्हणालीस ना, गिबीला आणते म्हणून? इतक्या वर्षांनी कुणीतरी धड गिटार वाजवणारा मिळाला म्हणून?"

ऑस्लाचा चेहरा पांढरा पडला. "मॅन्सी, हा गिबी नाही..." ती बोलायला लागली आणि मग तिच्या लक्षात आलं की त्याला ऐकू येत नाहीये. तिने लॉरीकडे पाहिलं. "लॉरी, ते पत्र मी मार्चमध्येच... मला तसं म्हणायचं..."

मेमीने पाटी आणि खडू उचलला होता. 'लॉरी' एवढा एक शब्द लिहायचा, म्हाताऱ्याच्या नाकाशी धरायचा, की झालं. ती लॉरीकडे बघत थांबली.

हे तरी माझं होतं, लॉरीच्या मनात आलं. हे एवढं तरी. त्याने म्हाताऱ्याच्या रिकाम्या कानाकडे पाहिलं, जिथे आज यंत्र असायला हवं होतं. मग मेमीचा खडूचा हात त्याने खाली केला.

"गिबीच ना रे तू?" मॅन्सीने विचारलं.

लॉरी पुढे वाकला, त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि छाती फुटेस्तोवर ओरडला, "हो! गिबीच!"

सगळ्या हॉलला ऐकू गेलं. म्हाताऱ्याला गेलं की नाही कोण जाणे, पण त्याने गिटारवर थाप मारली आणि म्हणाला, "मग थांबलास कशाला, गिबी? वाजव."

आणि लॉरी वाजवायला लागला.